नेत्याच्या बदनामीची दखल घेणे हे पोलीस ठाण्याचे काम नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या आमदारावर किंवा मंत्र्यावर समाजमाध्यमांत कोणी तिखट लिहिले की ठाण्यात आणि नवी मुंबईत पुढचा क्रम ठरलेला असतो. पदाधिकारी घोळक्याने पोलीस ठाण्यात जातात, निवेदन देतानाचा फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत 'गुन्हा दाखल' अशी बातमी येते. मग चर्चा रंगते. एक बाजू म्हणते की स्वातंत्र्याला मर्यादा असतात, दुसरी म्हणते की स्वातंत्र्य धोक्यात आहे. कोणते कलम लावले, ते त्या मजकुराला लागू होते का, आणि पोलिसांना ते नोंदवण्याचा अधिकार तरी होता का, हे मात्र कोणी विचारत नाही. सगळा प्रश्न तिथेच असल्यामुळे हे पत्र थोडे लांबणार आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की नेत्याची अब्रू गेली असेल तर तो त्या नेत्याचा स्वतःचा दावा आहे आणि त्यासाठी त्याने स्वतः न्यायालयाची पायरी चढावी. कायद्यानेही ही वाट तशीच आखली आहे. पोलीस मध्ये येतात ते एका चोरवाटेने, आणि ती वाट वाचकांना माहीत असायला हवी.

आधी मर्यादा पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये आठ कारणे दिली आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्याबाहेरचे नववे कारण शोधता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सांगितले. 'कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्या' हे कारण या यादीत नाही. 'पदाचा मान राखला नाही' हेही नाही.

नेत्यावरच्या टीकेशी थेट संबंध येतो तो अब्रुनुकसानीचा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ (जुन्या दंड संहितेतले ४९९ आणि ५००) यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगते. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस यात आपणहून एफआयआर नोंदवू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेऊन तक्रारदाराला न्यायालयात पाठवू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम २२२ आणखी पुढे जाते. ज्याची अब्रू गेली त्या व्यक्तीच्या फिर्यादीशिवाय न्यायालयाने दखलच घ्यायची नाही, असे ते सांगते. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानीचा कायदा कायम ठेवला, पण त्याच निकालात अशा प्रकरणी एफआयआर होऊ शकत नाही, दंडाधिकारीही पोलिसांना तसा आदेश देऊ शकत नाही, हेही लिहून ठेवले. निकालाचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि दुसरा विसरला गेला.

मंत्र्याला किंवा लोकसेवकाला त्याच्या सार्वजनिक कामाबद्दल बदनामी झाली असे वाटत असेल तर वेगळी सोयही आहे. सरकारची मंजुरी घेऊन सरकारी वकील सहा महिन्यांच्या आत थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो. शिवाय नेता स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. ठाण्यातल्या माणसासाठी ते ठाण्याचे न्यायालय, वाशी-नेरुळकरांसाठी बेलापूरचे. पनवेल-खारघर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात असले तरी जिल्हा रायगड, म्हणून तिथली फिर्याद पनवेल न्यायालयात जाते. १ जुलै २०२४ पासून आणखी एक बदल झाला आहे. खासगी फिर्यादीत दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्याने समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२३). टीका करणाऱ्याला ही मोठी ढाल मिळाली आहे, पण ती फिर्याद योग्य वाटेने आली तरच कामाला येते. नेत्याला फौजदारीत पडायचे नसेल तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा आहेच, मुदत एक वर्ष.

एवढ्या वाटा असताना सगळे पोलीस ठाण्यात का जातात? न्यायालयात गेले की नेत्याला स्वतः शपथेवर सांगावे लागते, उलटतपासाला उभे राहावे लागते आणि 'आरोप खरा आहे की खोटा' हा प्रश्न सगळ्यांसमोर उघडा पडतो. पोलीस ठाण्यात यातले काहीच होत नाही. तिथे कार्यकर्ता तक्रारदार होतो, नेता नामानिराळा राहतो आणि ज्याने लिहिले त्याचा मोबाइल जप्त होतो.

आता चोरवाट. अब्रुनुकसानीच्या कलमासोबत एखादे दखलपात्र कलम जोडले की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार सगळे प्रकरणच दखलपात्र समजले जाते. म्हणून ३५६ च्या जोडीला कलम १९६ (जुने १५३-अ, गटागटांत तेढ) किंवा कलम ३५३ (जुने ५०५, अफवा व चिथावणीची विधाने) येऊन बसते. १९६ आणि ३५३(२) ही दखलपात्र आणि अजामीनपात्र कलमे आहेत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण १९६ लागण्यासाठी धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात किंवा समुदाय अशा आधारांवरचे किमान दोन गट समोर असावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बिलाल अहमद कालू प्रकरणात स्पष्ट केले. तेढ निर्माण करण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे, हे २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच मंजर सईद खान प्रकरणात सांगितले. एक नेता आणि त्याचा एक टीकाकार यांत दोन समाज येतात कुठून? एका पक्षाचे संतापलेले कार्यकर्ते म्हणजे धर्म किंवा भाषा यांवर बनलेला गट नव्हे. फिर्यादीत 'दोन गटांत तेढ' एवढेच लिहिलेले असेल आणि ते दोन गट कोणते हे लिहिलेले नसेल, तर ते कलम फक्त अटकेची सोय म्हणून आले आहे असे समजावे.

हा खेळ एका पक्षाचा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने लाइक केले आणि दोघींना अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ विरुद्धची लढाई उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम रद्द केले. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याबद्दलची एक कविता शेअर केल्यावरून कळवा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि एका अभिनेत्रीला सुमारे ४० दिवस कोठडीत काढावे लागले. शिवाय राज्यात इतर अनेक ठिकाणी वेगवेगळे गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतावरून विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्यावर ३५३ आणि ३५६ ही दोन्ही कलमे एकत्र लावली गेली आणि कार्यक्रम झाला त्या मुंबईतल्या खारच्या जागेची तोडफोड झाली. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या अटकेला मनाई केली. तिन्ही वेळा सरकार वेगळ्या आघाडीचे होते, दुखावलेला पक्ष कधी सत्तेत होता, कधी विरोधात. कलमे जोडण्याची पद्धत मात्र तीच राहिली. ज्यांना २०२२ ची अटक योग्य वाटली त्यांनी २०२५ चा गुन्हा वाचावा, आणि उलटही.

तोडफोडीचे समर्थन 'प्रतिक्रिया' म्हणून केले जाते, तेव्हा फार वाईट वाटते. रंगराजन प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलणे आणि हिंसा यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारातील ठिणगीइतका थेट असेल तरच बोलणे रोखता येईल. निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे झुकून ते रोखता येणार नाही. सुव्यवस्था बिघडवतो तो खुर्च्या फोडणारा. तरीही पोलीस आधी लिहिणाऱ्याच्या दारात जातात, कारण तो एकटा असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालाने पोलिसांसाठी स्पष्ट रस्ता आखून दिला आहे. बोलण्या-लिहिण्याबद्दलची तक्रार आली आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, म्हणजे आपल्या आयुक्तालयांत सहायक पोलीस आयुक्तांच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने. पावलोपावली अपमान वाटणाऱ्याच्या मापाने नाही. निकाल लिहिणारे न्या. अभय ओक यांनी १९८३ मध्ये वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात. ठाणेकरांना याचा अभिमान वाटत असेल, तर ठाण्याच्या पोलीस ठाण्यांत तो निकाल पाळला जातो का, हेही त्यांनी विचारावे. सकाळी तक्रार आणि संध्याकाळी गुन्हा असे घडले असेल, तर ही चौकशी नीट झाली असणे अवघड आहे.

लिहिणाऱ्यांनीही काही गोष्टी समजून घ्याव्यात. कायद्याने अब्रुनुकसानीला दहा अपवाद दिले आहेत. नेत्यांच्या बाबतीत त्यांतले तीन कामाचे: सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य, लोकसेवकाच्या कामावरचे सद्भावनेने दिलेले मत, आणि सार्वजनिक प्रश्नात कोणाही व्यक्तीच्या वागणुकीवरचे मत. पण अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो आणि 'सद्भावना' म्हणजे नुसते चांगले मन नव्हे. योग्य ती काळजी घेऊन, तपासून केलेली गोष्ट, अशी तिची व्याख्या आहे.

समजा, घोडबंदर पट्ट्यातल्या एका गटाराचे काम रखडले आहे. 'नगरसेवकाने या कामात पैसे खाल्ले' हे तथ्याचे विधान झाले. हातात कागद नसेल तर ते लिहिणारा अडकतो. 'कामाची मुदत मार्चमध्ये संपली, अर्धे गटार अजून उघडे आहे, महासभेत नगरसेवकाने यावर एकही प्रश्न विचारला नाही. असा माणूस निवडून देण्याच्या लायकीचा नाही' हे मात्र मत आहे. ते कडक आहे, पण ज्या तथ्यांवर उभे आहे ती शेजारीच मांडली आहेत. जुन्या दंड संहितेत पुस्तकावरच्या टीकेचे एक उदाहरण होते, ते नव्या संहितेतही कायम आहे. 'पुस्तक मूर्खपणाचे आहे, म्हणजे लेखक दुबळा माणूस असला पाहिजे' हे चालते, कारण मत पुस्तकातून निघाले. 'तो दुबळा आणि लंपट आहे, म्हणून पुस्तक असे निघाले यात नवल नाही' हे चालत नाही, कारण ते मत पुस्तकाबाहेरून आणले आहे. नेत्याबद्दल लिहिताना हीच कसोटी लावावी. मत त्याच्या कामातून निघाले पाहिजे. त्याच्या घरातून, जातीतून किंवा शरीरातून आणलेले नसावे.

कागद मिळवणे अवघड नाही. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे त्याच्या शपथपत्रात असतात. महासभेचे ठराव, निविदा, कार्यादेश माहिती अधिकारात मागता येतात: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय एकत्र केले तर माहिती अधिकारी फक्त पहिल्या विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो, आणि अनेक अर्ज इथेच घसरतात. कार्यादेश आणि देयकाची प्रत हातात असली की 'पैसे खाल्ले' असे लिहायची गरजच उरत नाही; दोन आकडे शेजारी ठेवले की पुरते.

काही गोष्टींनी बचाव होतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. 'एक तर हे, नाहीतर ते' अशा पर्यायी रूपात किंवा उपरोधाने लिहिले तरी अब्रुनुकसानी होऊ शकते, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. दिवंगत नेत्याबद्दल कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेले खोटेही त्यात येते. 'फॉरवर्डेड ॲज रिसिव्ह्ड' लिहून जबाबदारी टळत नाही. आपण पुढे पाठवले म्हणजे आपण प्रसिद्ध केले. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला मात्र सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे. सोसायट्यांच्या ग्रुपांत याची भीती उगाच फार पसरली आहे.

आणि काही ठिकाणी रेषा खरोखरच ओलांडली जाते, तिथे आम्ही लिहिणाऱ्याच्या बाजूने उभे राहणार नाही. 'याला भर चौकात ठोका' ही चिथावणी आहे. महिला नेत्याचे अश्लील, जुळवलेले छायाचित्र हा दखलपात्र गुन्हा आहे आणि तो दखलपात्रच असायला हवा. जातीवरून शिवी, बनावट पत्र, नेत्याच्या आवाजात तयार केलेली खोटी ध्वनिफीत यांना टीका म्हणता येत नाही. श्रेया सिंघल निकालाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी असे तीन टप्पे सांगितले. पहिले दोन कितीही कडवट असले तरी संरक्षित आहेत, कायदा येतो तो तिसऱ्यावर.

महापालिकेवर किंवा सरकारी खात्यावर टीका केली आणि 'संस्थेची बदनामी केली' अशी नोटीस आली, तर आर. राजगोपाल प्रकरणाचा १९९४ चा निकाल लक्षात ठेवावा. सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा शासनाची सत्ता वापरणारी संस्था बदनामीसाठी भरपाईचा दावा लावू शकत नाही. अधिकाऱ्यालाही त्याच्या कार्यालयीन कामाबद्दलच्या टीकेवर दावा लावायचा असेल, तर मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिला, हे दाखवावे लागते.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर? फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेले 'या आणि भेटा' म्हणजे नोटीस नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची (पोलिसांसमोर हजर राहण्याची) नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना बजावले आहे. लेखी नोटीस मागावी, ती आल्यावर जरूर जावे. न गेल्यास अटकेचे कारण आपणच हाती देतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, हे पोलिसांना लिहून नोंदवावे लागते, आणि अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. एफआयआरची प्रत, प्रकरण संवेदनशील नसल्यास, २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी. मोबाइल घेतला तर पंचनाम्याची प्रत घ्यावी. जप्तीचे चित्रीकरण आता त्याच संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. घाबरून पोस्ट काढून टाकण्याआधी पूर्ण स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवावी, नाहीतर उरतो तो फक्त तक्रारदाराने कापून दिलेला तुकडा. एकाच मजकुरावर ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले असतील तर टी. टी. अँटनी (२००१) आणि अर्णब गोस्वामी (२०२०) हे निकाल उपयोगी पडतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही.

रस्त्यावरच्या विरोधाचेही तेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली दोन्ही आयुक्तालयांतून मनाई आदेश निघतात. घोषणा, प्रतिमांचे प्रदर्शन, जमाव यांवर त्यात बंदी असते. जमावबंदी १५ दिवसांपेक्षा जास्त चालवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते; म्हणून १५ दिवस संपत आले की नवा आदेश काढायचा, असे चालते. आदेशात प्रत्येक वेळी तेच सण, तेच संभाव्य मोर्चे यांची यादी असते. नेत्याच्या वाढदिवसाचे फलक या काळात चौकाचौकांत लागलेले असतात. त्याच चौकात त्याला प्रश्न विचारणारा फलक धरून उभ्या राहिलेल्या चार जणांना गाडीत घातले जाते.

ठाणे आणि नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे आमची मागणी साधी आहे. लोकप्रतिनिधींवरील टीकेबाबतच्या प्रत्येक तक्रारीत कलम १७३(३) ची चौकशी झाली का, तिची परवानगी कोणत्या सहायक आयुक्तांनी दिली, आणि १९६ लावले असेल तर ते दोन गट कोणते, या तीन गोष्टी एफआयआरमध्येच लिहिण्याचा लेखी आदेश त्यांनी सर्व पोलीस ठाण्यांना द्यावा. फक्त अब्रुनुकसानी दिसत असेल तर तक्रारदाराच्या हातात एनसीची प्रत द्यावी आणि त्याला न्यायालयाचा पत्ता सांगावा. कलम ३७ च्या आदेशात मागच्या १५ दिवसांत नेमके काय घडले, म्हणून नवा आदेश हवा, हेही नमूद करावे. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की 'गुन्हा दाखल' ही बातमी देताना कलमांचे आकडे छापा, आणि तक्रारदार स्वतः तो नेता आहे की दुसराच कोणी, हेही छापा.

आपले,
ठाणे व बेलापूर न्यायालयांत काम करणारे काही वकील